मलिक अंबर : बाजारात विकल्या गेलेल्या एका मुलाचे चरित्र



आमच्या अमडापूरच्या मशिदीत मगरिबच्या नमाजनंतर मकतबची मुले सबक द्यायला बसतात. गेल्या हिवाळ्यात त्यांतल्या एका मुलाने सबक बाजूला ठेवून मला एक प्रश्न विचारला. शाळेत इतिहासाच्या तासाला त्याने मलिक अंबर हे नाव ऐकले होते. मलिक अंबर गुलाम होते हे खरे का, असे तो विचारत होता. खरे आहे, असे मी सांगितले. मग त्यांना विकले कोणी, आणि ते विकणारे मुसलमान होते का, असे त्याने पुढे विचारले. इशाची अजान जवळ आली आहे, आधी सबक पुरा कर, असे म्हणून मी त्याला गप्प केले. वाचकहो, खरे सांगायचे तर अजानला अजून अर्धा तास अवकाश होता. उत्तर मला ठाऊक होते. ते मुलांसमोर उच्चारण्याचे धैर्य त्या संध्याकाळी मला झाले नाही. त्या मुलाचे जे देणे माझ्याकडे राहिले, ते या लेखातून आपणा सर्वांसमोर फेडण्याचा हा प्रयत्न आहे.

आपण आधी हबशा देशाकडे जाऊ या. मक्केतील पहिल्या मुसलमानांवर जुलूम असह्य झाला, तेव्हा इ. स. 615 च्या सुमारास प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनी आपल्या सोबत्यांना ज्या भूमीत आश्रयाला पाठविले ती हीच हबशाची भूमी. तेथील राजा नजाशी याने त्या निराधार माणसांना परत धाडण्यास नकार दिला आणि कुरैशांचे नजराणे माघारी केले. ज्यांच्या अजानने मदीना जागे होत असे ते हजरत बिलाल (रजि.) हेही हबशी वंशाचेच. या उम्मतवर त्या भूमीचे जुने ऋण आहे. पुढच्या शतकांत ते ऋण कसे फेडले गेले, हे मलिक अंबर यांच्या आयुष्याच्या पहिल्याच पानावर दिसते.

इ. स. 1548 च्या सुमारास या देशात एक मूल जन्मले. त्याचे नाव चापू. लहानपणीच ते मूल आईबापांपासून तुटले, गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडले आणि तांबडा समुद्र ओलांडून येमेनच्या मोखा बंदरात पोहोचले. ज्या मोख्याचे नाव आज जगाला कॉफीमुळे ठाऊक आहे, तेच हे बंदर. तेथे त्या मुलाची किंमत ठरली. पीटर व्हान डेन ब्रुक नावाच्या डच व्यापाऱ्याने पुढे 1617 मध्ये दख्खनमध्ये मलिक अंबर यांची प्रत्यक्ष भेट घेतली आणि ती किंमत लिहून ठेवली. ती 80 गिल्डर होती. ज्याच्या छावणीत परदेशी व्यापारी नजराणे घेऊन भेटीस येत होते, त्या माणसाची एकेकाळची किंमत त्याच व्यापाऱ्याच्या वहीत नोंदली गेली.

मोख्याहून त्या मुलाला बगदादला नेण्यात आले. तेथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे तो राहिला. हा मालक मनाने कठोर नव्हता. त्याने मुलाची बुद्धी ओळखली, त्याला लिहायला वाचायला शिकविले, हिशेब शिकविला. त्याच घरात त्या मुलाने इस्लाम स्वीकारला आणि त्याला अंबर हे नाव मिळाले. वाचकहो, या नावापाशी क्षणभर थांबा. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारा एक मौल्यवान सुगंधी पदार्थ. त्या काळी गुलामांना अशीच नावे देत असत: अंबर, काफूर, याकूत. म्हणजे अत्तर, कापूर आणि माणिक. ऐकायला नावे गोड वाटतात. पण ती सर्व पेठेत तोलून विकल्या जाणाऱ्या मालाची नावे आहेत. आईने ठेवलेले नाव गेले आणि मालाचे नाव आले. इल्म आणि ईमान देणाऱ्या त्याच घरातून पुढे हा तरुण पुन्हा विक्रीसाठी निघाला आणि 1570 च्या दशकाच्या आरंभी दख्खनला आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्याला विकत घेतले. चंगीजखान हाही मूळचा हबशी आणि एकेकाळचा गुलाम होता. त्याच्या पदरी असे सुमारे एक हजार हबशी गुलाम होते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. होय, मोख्यात, बगदादमध्ये आणि दख्खनमध्ये ज्यांनी या मुलाचा सौदा केला ते कलमा पढणारे लोक होते. या व्यापारात इतरही होते. पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे आणून गोव्यात विकली. हबशाच्या अंतर्भागात माणसे पकडणारे निरनिराळ्या धर्मांचे आणि टोळ्यांचे होते. पण दुसऱ्यांनीही तेच केले म्हणून आपला वाटा हलका होत नाही. अल्लाहसमोर प्रत्येकाला आपल्याच अमलाचा हिशेब द्यावयाचा आहे.

मग दीन काय सांगतो, हे स्पष्ट व्हायला हवे. ज्या काळी जगातील प्रत्येक राज्यात गुलामगिरी होती, त्या काळी पवित्र कुरआनने गुलामाची मान मोकळी करणे हे सत्कर्मांच्या पहिल्या ओळीत ठेवले. सूरह बलदमध्ये नेकीच्या मार्गाला चढणीची अवघड वाट म्हटले आहे, आणि त्या चढणीचे पहिले पाऊल म्हणून मान सोडविण्याचा उल्लेख आहे. सूरह तौबामध्ये जकातचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत बंधनात अडकलेल्या माणसांची सुटका हा एक वाटा आहे. मोडलेल्या शपथेच्या कफ्फाऱ्यात आणि चुकून घडलेल्या खुनाच्या कफ्फाऱ्यात गुलाम मुक्त करण्याचा हुकूम आहे. सूरह नूरमध्ये असे सांगितले आहे की एखादा गुलाम ठरावीक रक्कम देऊन सुटका मागत असेल तर त्याच्याशी तसा करार करा आणि अल्लाहने तुम्हाला दिलेल्या मालातून त्याला मदतही करा. या सर्व वाटा गुलामगिरीतून बाहेर नेणाऱ्या आहेत. स्वतंत्र माणसाला पकडून गुलाम करण्याविषयी तर प्रेषितांनी (स.) अत्यंत कडक इशारा दिला आहे. सहीह बुखारीतील एका हदीसचा आशय असा की कियामतच्या दिवशी तीन माणसांविरुद्ध स्वतः अल्लाह वादी म्हणून उभा राहील. पहिला, अल्लाहच्या नावाने वचन देऊन विश्वासघात करणारा. दुसरा, स्वतंत्र माणसाला विकून त्याची किंमत खाणारा. तिसऱ्याविषयी मी या लेखाच्या शेवटी बोलेन, कारण त्याचा संबंध आपल्या गावाशी आहे.

हबशाच्या डोंगरांतून उचललेली ती मुले स्वतंत्र होती. त्यांना विकणाऱ्यांनी त्यांची किंमत खाल्ली. विकणाऱ्याच्या दारावर कोणत्या धर्माचे नाव होते याने या हदीसच्या अर्थात काडीचाही फरक पडत नाही.

ज्या शतकात अंबर मोख्यात विकले गेले, त्याच शतकात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर याहून मोठा बाजार भरू लागला होता. युरोपीय जहाजांनी सुमारे साडेतीनशे वर्षांत अंदाजे 1 कोटी 25 लाख माणसे अटलांटिक महासागरापलीकडे नेण्यासाठी चढविली. त्यांतील सुमारे 18 लाख वाटेतच मरण पावली. त्या जहाजांतून गेलेल्यांत मुसलमानही पुष्कळ होते. त्यांतील काहींनी स्वतःची हकीकत मागे ठेवली. सेनेगलच्या फुता तोरो भागातील उमर इब्न सईद हे शिकलेले आलिम. 1807 मध्ये ते पकडले गेले आणि अमेरिकेत विकले गेले. 1831 मध्ये त्यांनी अरबी भाषेत आपले आत्मचरित्र लिहिले. ते हस्तलिखित आजही जपलेले आहे. त्याचा आरंभ त्यांनी सूरह मुल्कने केला आहे. खरी मालकी आणि सत्ता केवळ अल्लाहच्या हाती आहे, हे जिच्या पहिल्याच आयतीत सांगितले आहे ती ही सूरह. कायद्याने ज्याच्यावर दुसऱ्याची मालकी होती, त्या माणसाने आपल्या हकीकतीच्या दारावरच ही पाटी लावली. ते गुलामीतच वारले.

दुसरे अय्यूब सुलैमान दियालो. बुंडू प्रदेशातील एका आलिम घराण्यातले, हाफिज-ए-कुरआन. 1731 मध्ये ते पकडले गेले, मेरीलँडच्या तंबाखूच्या शेतावर राबले, तेथून लंडनला पोहोचले आणि 1734 मध्ये सुटून मायदेशी परतले. इंग्लंडमध्ये त्यांनी केवळ स्मरणातून कुरआनच्या प्रती लिहून काढल्या. पण वाचकहो, ते पकडले गेले तो प्रसंगही जाणून घ्या. वडिलांनी त्यांना गांबिया नदीकडे पाठविले होते ते कागद विकत आणण्यासाठी आणि दोन गुलाम विकण्यासाठी. गुलाम विकून परतत असता वाटेत ते स्वतःच पकडले गेले आणि त्याच बाजारात विकले गेले. मुलाच्या प्रश्नावर मी गप्प का बसलो, हे या एका प्रसंगावरून आपल्या ध्यानात येईल. आपला इतिहास केवळ बिलाल (रजि.) यांच्या सुटकेचा असता तर मी अभिमानाने बोललो असतो. त्यात हा कागदाचा आणि दोन माणसांचा सौदाही आहे.

मलिक अंबर यांनी अशी हकीकत लिहून ठेवली नाही. त्यांच्या आयुष्याच्या खुणा कागदाऐवजी दख्खनच्या मातीत आहेत, आणि त्यांतील काही आपल्या वऱ्हाडाच्या उंबरठ्यावर आहेत.

चंगीजखानाचा 1574-75 च्या सुमारास मृत्यू झाला. त्याच्या विधवेने अंबर यांना मुक्त केले. एका बाईच्या या कृत्याची इतिहासात फारशी वाखाणणी होत नाही. पण पुढचे सर्व काही त्यातून घडले. अंबर यांनी विवाह केला, संसार थाटला, आणि लहानशी तुकडी घेऊन आधी गोवळकोंडा व मग विजापूर येथे चाकरी केली. मलिक हा किताब त्यांना विजापुरात मिळाला. 1595 च्या सुमारास ते जेमतेम 150 घोडेस्वारांसह निजामशाहीत परतले.

तो काळ निजामशाहीच्या अंताचा होता. अकबर बादशहाच्या फौजांनी अहमदनगरला वेढा दिला. चांदबिबीने किल्ला शर्थीने लढविला. पण 1596 च्या तहात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. म्हणजे आपला हा सारा मुलूख त्या तहाने मोगलांकडे गेला. 1600 मध्ये चांदबिबीचा शेवट झाला आणि अहमदनगरचा किल्लाही पडला. राजधानी गेली, सुलतान कैद झाला. अशा वेळी मलिक अंबर यांनी निजामशाही घराण्यातील एका तरुणाला परांड्याच्या किल्ल्यात तख्तावर बसविले, त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून जाहीर केले आणि आपली मुलगी त्याला दिली. पुढची सव्वीस वर्षे त्यांनी हे राज्य सावरून धरले. राजधानी आधी जुन्नर आणि 1610 मध्ये खडकी येथे नेली. ते खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर.

मोगलांच्या अफाट फौजेशी उघड्या मैदानावर टक्कर देणे शक्य नव्हते. मलिक अंबर यांनी दऱ्याखोऱ्यांचा आणि चपळ घोडेस्वारांचा आश्रय घेतला. शत्रूची रसद तोडावी, रात्री छापा घालावा, त्याला डोंगरात ओढून न्यावे आणि दिसेनासे व्हावे, असे हे गनिमी युद्ध होते. एका इंग्रज प्रवाशाने 1610 मध्ये त्यांच्या पदरी सुमारे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी असल्याचे नोंदविले आहे. दख्खनींत मराठे मोठ्या संख्येने होते. वेरूळचे भोसले त्यांच्या बाजूने लढले, आणि आपल्याच जिल्ह्यातील सिंदखेडचे लखुजी जाधव, जिजाऊंचे वडील, निजामशाहीचे नामांकित सरदार होते. हबशातून आलेला मुसलमान आणि वऱ्हाड-मराठवाड्याचे मराठे एकाच छावणीत भाकरी खात होते. त्या छावणीत त्यांची बोलण्याची भाषा दख्खनी आणि मराठी असणार, हे सांगायला पंडित लागत नाही.

यश नेहमीच मिळाले असे नाही. 1616 मध्ये काही सरदार, त्यांत लखुजी जाधवही, बाळापूरच्या मोगल छावणीत जाऊन मिळाले. हे बाळापूर आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातले. तेथून निघालेल्या मोगल फौजेने जालन्याजवळ रोषणगाव येथे मलिक अंबर यांचा पराभव केला आणि खडकी शहर उद्ध्वस्त केले. मुलूख सोडावा लागला, तह करावे लागले. त्यांनी पुन्हा फौज उभी केली. 1624 मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, अहमदनगरजवळ भातवडी येथे त्यांनी मोगल आणि विजापूर यांच्या संयुक्त फौजेला हरविले. तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या छावणीचा चिखल केला आणि मग हल्ला चढविला. या लढाईत शहाजीराजे होते. त्यांचे बंधू शरीफजी येथेच कामी आले.

जहांगीर बादशहा या माणसावर इतका चिडलेला होता की आपल्या आठवणींत त्याने त्यांच्या काळ्या रंगावरून शिव्या लिहिल्या. 1616 च्या सुमारास दरबारी चित्रकार अबुल हसनने एक चित्र काढले. त्यात भाल्यावर मलिक अंबर यांचे छाटलेले मुंडके आहे आणि बादशहा त्यावर बाण मारीत आहे. तसे कधीच घडले नाही. जहांगीरला ते मुंडके अखेरपर्यंत मिळाले नाही. मिळाले ते कागदावर रंगविलेले. आणि लक्षात घ्या, बादशहाही कलमा पढणारा होता आणि ज्याला तो रंगावरून हिणवीत होता तोही.

तलवारीपेक्षा अधिक टिकले ते पाणी आणि धारा. खडकी शहर वसविताना मलिक अंबर यांनी डोंगराच्या पायथ्याचे भूगर्भातील पाणी अडवून, जमिनीखालच्या नहरींतून आणि खापरी नळांतून शहरात आणले. ती नहर-ए-अंबरी. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या रचनेचे अवशेष आजही तेथे आहेत. 1612 मध्ये मोगलांवरील विजयानंतर बांधलेला भडकल दरवाजाही उभा आहे. महसुलाच्या कामी त्यांनी इजाऱ्याची पद्धत मोडली. इजारदार राज्याला ठोक रक्कम भरी आणि मग रयतेकडून मन मानेल तितके उकळी. त्याऐवजी जमिनीची प्रत आणि त्या वर्षीचे पीक पाहून धारा ठरविण्याची, आणि गावच्या पाटलाकरवी तो गोळा करण्याची रीत त्यांनी घालून दिली. मलिकअंबरी धारा हा शब्द या मुलखात पिढ्यान् पिढ्या राहिला. ज्याचा स्वतःचा सौदा झाला होता, त्याने रयतेचा सौदा करणारा दलाल मधून काढून टाकला.

वाचकहो, येथवर वाचून आपल्या मनात अभिमान दाटला असेल, तर चरित्राची दुसरी बाजूही पाहा. आपण ज्यांचे चरित्र सांगतो त्यांना वली ठरविण्याची घाई आपण फार करतो. व्हान डेन ब्रुकने नोंदविले आहे की मुर्तजा निजामशहाच्या इराणी राणीने मलिक अंबर यांच्या मुलीला गुलामाची, काळी म्हणून हिणविले. मुलीने बापाला कळविले. आणि त्यानंतर 1610 मध्ये सुलतान व ती राणी यांना विष देण्यात आले. गादीवर पाच वर्षांचा मुलगा बसविण्यात आला. त्या टोमण्याने बापाचे काळीज किती पोळले असेल याची कल्पना करता येते. पण अपमानाच्या बदल्यात जीव घेणे हे दीनमध्ये कोठेही जायज नाही. बापाचे दुःख खरे होते आणि त्याचा गुन्हाही खरा होता. शिवाय, त्यांच्या काळात निजामशाहीत हबशी गुलामांची आवक बंद झाली नाही. ज्या दाराने ते आत आले, ते दार सत्ता हाती येऊनही त्यांनी बंद केले नाही. मोख्याच्या बाजारात पुढच्या चापूचा सौदा होतच राहिला.

त्या राणीच्या टोमण्यासमोर एक प्रसंग ठेवा. हजरत अबू जर (रजि.) यांनी रागाच्या भरात एका माणसाला त्याच्या आईवरून हिणविले. ती आई अरब नव्हती. प्रेषितांनी (स.) हे ऐकून त्यांना सांगितले की तुमच्यात अद्याप जाहिलियतचा अंश शिल्लक आहे, तुमचे सेवक हे तुमचे भाऊ आहेत, अल्लाहने त्यांना तुमच्या हाताखाली दिले आहे, तेव्हा जे तुम्ही खाता ते त्यांना खाऊ घाला आणि जे तुम्ही नेसता ते त्यांना नेसायला द्या. अबू जर (रजि.) यांच्यासारख्या थोर सहाबींनाही हा शब्द ऐकावा लागला, कारण चूक लहान नव्हती. प्रेषितांनी (स.) हजरत जैद (रजि.) यांचे चिरंजीव उसामा (रजि.) यांना ऐन तारुण्यात सेनापती केले. हे जैद (रजि.) लहानपणी टोळीच्या छाप्यात पकडले जाऊन बाजारात विकले गेले होते. त्यांच्या मुलाच्या हाताखाली कुरैशांतील बडी माणसे उभी राहिली. काहींनी कुरकुर केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) ती मोडून काढली.

मलिक अंबर 14 मे 1626 रोजी, सुमारे अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अल्लाहला प्यारे झाले. खुलताबादला, हजरत जर जरी जर बख्श (रह.) यांच्या दर्ग्याजवळ त्यांची कबर आहे. त्यांच्या मृत्यूनंतर जहांगीरच्या दरबारातील इतिहासकारालाही त्यांच्या युद्धकौशल्याची आणि राज्यकारभाराची स्तुती लिहावी लागली. दहा वर्षांत, 1636 मध्ये, निजामशाही संपली. खुलताबादला जाल तेव्हा त्या घुमटाखाली उभे राहून फातिहा पढा, आणि ज्यांच्या कबरीवर घुमट नाही, ज्यांचे नावही कोणाच्या वहीत नाही, अशा त्या बाजारातल्या इतर मुलांसाठीही दुआ करा.

आता त्या हदीसमधील तिसरा माणूस. ज्याने मजूर लावला, त्याच्याकडून पुरे काम करून घेतले आणि त्याची मजुरी दिली नाही, त्याच्याविरुद्धही कियामतच्या दिवशी अल्लाह वादी असेल. स्वतंत्र माणूस विकणारा आणि मजुरी बुडविणारा हे एकाच ओळीत उभे आहेत. आपण कोणाला बाजारात विकत नाही, हे खरे. हिंदुस्थानात 1843 च्या कायद्याने गुलामीला कायद्याचे संरक्षण उरले नाही, आणि 1976 च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. पण उचल देऊन वर्षभर कुटुंबाला बांधून ठेवणे आपल्या भागात कोणाला नवे आहे काय? वीटभट्टीवरचे, ऊसतोडीचे, शेतातल्या सालदाराचे हिशेब कोणत्या वहीत असतात, आणि त्या वहीवर बोट ठेवून वाचण्याइतके शिक्षण त्या मजुराकडे असते काय? सोयाबीनची सोंगणी झाल्यावर मजुरी पुढच्या बाजारापर्यंत, मग दिवाळीपर्यंत, मग विसर पडेपर्यंत ढकलणारे हात आपल्याही सफांत असतात. हेच हात नमाजसाठी कानांपर्यंत उचलले जातात.

आणि घरात? मुलाचे स्थळ पाहताना मुलगी सावळी आहे म्हणून नकार देणारी आई, अमुक बिरादरीचे लोक आपल्या बरोबरीचे नाहीत असे जेवणाच्या दस्तरखानावर सांगणारे आजोबा, हे सारे आपल्याच घरांत आहेत. मुले ते ऐकतात. त्या इराणी राणीचा टोमणा तिच्याबरोबर मेला नाही.

त्या संध्याकाळनंतर काही दिवसांनी मी त्या मुलाला जवळ बसवून घेतले. त्या दिवशी अजानचे कारण खोटे होते, हे आधी कबूल केले. मग जे येथे लिहिले आहे ते त्याला सोप्या शब्दांत सांगितले. त्यांना विकणारे मुसलमान होते, त्यांनी जे केले ते दीनच्या विरुद्ध होते, आणि त्या मुलाने पुढे एक राज्य सावरले. तो बराच वेळ विचार करीत राहिला. मग त्याने एवढेच विचारले की चापूच्या आईला पुढे कधी कळले का. माझ्यापाशी याचे उत्तर नव्हते. या वेळी मात्र मी अजानचे कारण सांगितले नाही.

वाचकहो, या महिन्याच्या जुम्याआधी आपली वही उघडा. कोणाची मजुरी अडून राहिली असेल तर ती त्याच्या घरी नेऊन द्या, त्याला आपल्या दारात उभे करू नका. अल्लाह आपणा सर्वांना अमलाची तौफीक देवो, आणि ज्या मुलांच्या हकीकती कोणीच लिहिल्या नाहीत त्यांना आपल्या रहमतच्या छायेत ठेवो. आमीन.